डेन्मार्क: बहुमताविना चालणारं सरकार

डेन्मार्कची संसद म्हणजे फोल्केटिंग. जागा १७९, त्यांतल्या दोन ग्रीनलंडच्या, दोन फेरो बेटांच्या. देशभरात दोन टक्के मतं मिळाली की पक्षाला आत प्रवेश मिळतो, म्हणून पक्ष पुष्कळ. १९७३च्या निवडणुकीत त्यांची संख्या एका फटक्यात पाचवरून दहावर गेली! १९०९नंतर कुणा एकाला स्पष्ट बहुमत मिळालेलं नाही. तरीही राज्यकारभार अडत नाही, कारण तिथे सरकारला बहुमत सिद्ध करावं लागत नाही. बहुमत विरोधात गेलं नाही की पुरे. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते: अल्पमतातल्या पंतप्रधानाला प्रत्येक कायद्यासाठी इतरांशी बोलावंच लागतं. पक्षांच्या नावांवर मात्र जाऊ नये. ‘व्हेन्स्त्रे’ म्हणजे ‘डावे’, पण हा पक्ष उजवीकडे झुकलेला, मुळात शेतकऱ्यांचा.