पाय गळतात, खुबा दुखतो: पळणाऱ्या लेकीकडे लक्ष द्या

पहाटे गावाच्या रस्त्यावर हल्ली मुली पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर धावावं लागतं, त्याची ही तयारी. बघून बरं वाटतं. पण मागे एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "लेक आधी सहज पळायची. आता अर्ध्यातच पाय भरून येतात, खुबाही दुखतो म्हणते. घरचे म्हणतात, आळस करते."

मैत्रिणींनो, असं एकदम होऊ लागलं तर आळस म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे कारण असू शकतं.

पहिलं कारण रक्ताचं. रक्तातलं लोह स्नायूंना प्राणवायू पोचवायला लागतं. पाळीत लोह जातं, ताटातून पुरेसं येत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. कधी हिमोग्लोबिन ठीक दिसतं, पण शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असतो. तो फेरिटिन नावाच्या तपासणीत कळतो.

दुसरं कारण खाण्याचं. सकाळी उपाशी पळायचं, मग घरकाम, कॉलेज, संध्याकाळी पुन्हा सराव. खर्च जास्त, जमा कमी. मग शरीर काटकसर करतं. पाळी लांबते किंवा बंद होते आणि हाडं कमकुवत होतात. "पाळी नाही, बरंच झालं, सराव चुकत नाही" असं मुली म्हणतात. पण ती धोक्याची खूण आहे.

अशा हाडावर रोज कडक रस्त्याचा मार बसला की बारीक चीर पडते. खुब्याच्या हाडाला चीर पडली तर बहुधा जांघेत दुखतं. पळताना वाढतं, बसल्यावर कमी होतं. पुढे रात्रीही ठणकतं. सुरुवातीला ही चीर साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही, एमआरआय लागू शकतो. तेल चोळून किंवा वेदनाशामक गोळी घेऊन पळत राहिलं, तर हाड पूर्ण मोडून ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

मग काय करायचं?

जांघेत किंवा खुब्यात दुखलं की पळणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पाळी कधी आली होती, तेही सांगा. रक्त तपासून घ्या. लोहाची गोळी डॉक्टर किंवा आशाताईंच्या सल्ल्याने घ्या. ती चहासोबत नको, लिंबू-आवळ्यासोबत चांगली. गोळीने शौचाला काळं होतं, घाबरू नका. पळण्याआधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, नंतर भाकरी, उसळ, जमेल तर अंडं किंवा दूध द्या. आठवड्यात एक-दोन दिवस विश्रांती हवी. सराव हळूहळू वाढवा, शक्यतो मातीवर पळू द्या.

त्या ताईंच्या लेकीला चार महिने पाळी नव्हती. तपासणीत खुब्याला चीर निघाली. पळणं बंद झालं, कुबड्या आल्या, ती भरती हुकली. लेक रडली. आई तिला म्हणाली, "भरती पुन्हा निघेल, बाळा. खुबा पुन्हा मिळत नाही."

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातल्या पळणाऱ्या मुलींना एवढंच विचारा: जेवलीस का, पाळी आली का, कुठे दुखतंय का?