विचाराने सरकणारा कर्सर

मानेतील मज्जारज्जू तुटला, की मेंदूची आज्ञा हातापर्यंत पोहोचत नाही. आज्ञा देणारा मेंदूचा भाग मात्र मूक होत नाही. अमेरिकेतील मॅथ्यू नेगल या तरुणाचे शरीर २००१ साली चाकूच्या वाराने मानेखाली लुळे पडले. २००४ साली त्याच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोडची, चार मिलिमीटर रुंदीची चिप बसवण्यात आली. हात हलवण्याचा विचार त्याने करताच चेतापेशींचे संकेत टिपून संगणक पडद्यावरचा कर्सर सरकवीत असे. तो कर्सर थरथरे. डोक्याला तार जोडावी लागे, तंत्रज्ञही जवळ लागे. पुढे बिनतारी उपकरणे आली. २०२४ साली न्यूरालिंकचे असे उपकरण प्रथमच माणसाच्या मेंदूत बसवले गेले. शस्त्रक्रियेचा धोका कायम आहे. तरीही कुणाच्या मदतीविना स्वतःचा ई-मेल स्वतः उघडता येणे, हे अशा रुग्णासाठी लहानसहान स्वातंत्र्य नव्हे.