दोन चाकांचं गणित : भाग 6
चढ शेवटी येतो तेव्हा

घोळक्यात सायकल चालवली की पुढचा वारा कसा चुकतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. तो भाग वाचून सोनारीतल्या एका तरुण दोस्तानं मला गाठलं. "दादा, वारा चुकवून सगळेच ताजे राहत असतील, तर चढ लागल्याबरोबर घोळका फुटतो कशानं?"

त्याच्या डोक्यात 'फ्लेश वालोन' होती. बेल्जियममधली ही एक दिवसाची शर्यत 1936 पासून होते. ती एप्रिलमधल्या एका बुधवारी असते आणि आपल्याकडं रात्री साडेसात-आठच्या सुमाराला संपते. आमच्या काळभैरवनाथाची चैत्रातली यात्राही त्याच दिवसांत येते. गावातली सायकलवेडी पोरं मोबाइलवर शर्यत बघतात आणि दरवर्षी एकच वाद घालतात. एक गट म्हणतो, चार-साडेचार तास कशाला बघायचं, शेवटची दहा मिनिटं लावली तरी भागतं. दुसरा गट पहिल्यापासून बघायला बसतो. मी या दुसऱ्या गटातला आहे आणि का, ते आज सांगतो.

शर्यतीचा शेवट वी नावाच्या गावातल्या 'भिंती'वर होतो. भिंत म्हणजे चर्चकडं जाणारा अरुंद रस्ता. वाटेत भाविकांसाठी सात छोटी चॅपेल आहेत. लांबी जेमतेम 1.3 किलोमीटर, सरासरी चढ 9.6 टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढं जाताना साडेनऊ मीटर वर. एका वळणावर हाच चढ 25 टक्क्यांच्या पुढं जातो. 1985 पासून अंतिम रेषा या चढाच्या माथ्यावर आहे, आणि पहिले येणारे तो तीन मिनिटांच्या आसपास चढतात.

आता दोस्ताच्या प्रश्नाकडं येऊ. स्वार, सायकल आणि कपडे मिळून 75 किलो धरा. सपाटीवर ताशी 45 किलोमीटरनं जाताना एकट्या स्वाराची सुमारे 400 वॅट ताकद नुसता वारा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागं राहिलं की यातली बरीच वाचते. दहा टक्के चढावर वेग ताशी 18 वर येतो. तिथं वाऱ्यासाठी 25-30 वॅट पुरतात, पण स्वतःचं वजन वर ओढायला जवळजवळ 370 वॅट लागतात. हे ओझं कुणाच्या मागं लपून कमी होत नाही. घोळका फुटतो तो इथं.

पण मग सगळ्यात ताकदवान गड्यानं पायथ्यापासूनच का सुटू नये? आपल्या भागातली विहीर आठवा. झऱ्याचं पाणी ठरावीक गतीनं येतं आणि तळाला थोडा साठा असतो. झऱ्यापेक्षा जास्त उपसा केला की साठा घटतो आणि मोटार कोरडी पडते. शरीराचंही तसंच आहे. बराच वेळ टिकणारी ताकद वेगळी, आणि तिच्यावर काही मिनिटं पुरणारा छोटा साठा वेगळा. भिंतीवर सगळेच साठ्यावर चालतात. 2013 साली कोलंबियाचा कार्लोस बेतांकुर वेळेआधी सुटला, अंतर पडलंही. पण शेवटच्या टप्प्यात स्पेनच्या दानी मोरेनोनं त्याला मागं टाकून शर्यत जिंकली आणि बेतांकुर तिसरा आला. उलट आलेहांद्रो व्हाल्वेर्दे शेवटपर्यंत दम धरायचा. 2006 मध्ये एकदा आणि 2014 ते 2017 सलग चारदा, अशा पाच शर्यती त्यानं जिंकल्या. महिलांमध्ये आना फान डर ब्रेखननं 2015 ते 2021 सलग सात वेळा बाजी मारली. इतका मोठा दबदबा मला दुसऱ्या कुठल्याच एकदिवसीय शर्यतीत दिसत नाही, आणि तिच्याबद्दल आपल्याकडं फारच कमी बोललं जातं.

हा साठा शाबूत ठेवायचं काम आधीच्या चार तासांत होतं. छोट्या चढांवर पुढं राहायचं, वेळेवर खायचं, आणि भिंतीच्या पायथ्याशी पहिल्या पंधरा-वीसांत असायचं. रस्ता अरुंद असल्यानं जो तिथं पन्नासावा असतो, त्याची शर्यत तिथंच संपते. 2024 ला थंडी-पावसानं आधीच एवढी गाळणी लावली की जेमतेम 44 जणांनी शर्यत पूर्ण केली, आणि जिंकला वेल्सचा स्टीफन विल्यम्स. दहा मिनिटं बघणाऱ्याला यातलं काय कळणार?

आपल्याकडं 1945 पासूनच्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटरच्या घरातली चढण. तिथं पहिला येणारा 'घाटाचा राजा'. पण लोणावळ्यापासून पुणे साठ किलोमीटरच्या वर उरतं. तेवढ्या सपाटीवर मागचे एकमेकांचा वारा अडवत येतात आणि एकट्या राजाला गाठू शकतात. म्हणून घाटाचा राजा आणि शर्यतीचा विजेता एकच असेल असं नाही. घाट मधे असला की संघ लागतो; शेवटी असला की संघानं आणून सोडायचं आणि पुढचं एकट्यानं.

शेवटची दहा मिनिटंच बघा म्हणणाऱ्या पोरांचा तो वाद मात्र अगदीच पोरकट नाही. सगळे भिंतीची वाट बघत बसतात, ही तक्रार तिकडचे चाहतेही करतात. 2015 मध्ये शेवटच्या सहा किलोमीटरच्या आत शेराव्हचा खडा चढ घातला, तरी निकाल बहुतेक वेळा भिंतीवरच लागतो. आमच्या पोरांनी यावर स्वतःचा मार्ग काढलाय : सोलापूरहून निघायचं आणि घाट चढून तुळजापुरात संपवायचं. मला हा मार्ग मनापासून पटतो. आधीचा रस्ता मोकळा आहे, वारा अंगावर येतो आणि घाट अगदी शेवटी आहे. तिथं कुठला गिअर चालेल, यावर पुढच्या आठवड्यात.