दान कोणाचे, मंजुरी कोणाची

अमेरिकेतील सामुदायिक प्रतिष्ठानांचा पाया क्लीव्हलंडचे बँकप्रमुख फ्रेडरिक गॉफ यांनी १९१४ साली घातला आणि पुढे हीच घडण ज्यू, कॅथलिक आदी धर्मसमाजांनी आपापल्या दानपरंपरेस जोडून घेतली. लॉस एंजेलिसचे ज्यू कम्युनिटी फाउंडेशन १९५४ सालचे. अशा प्रतिष्ठानाकडे अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या संस्थेस अमेरिकी करकायद्याच्या ५०१(सी)(३) या कलमाखालील करमुक्ततेचा दाखला, चालू अंदाजपत्रक व विश्वस्तांची यादी सामान्यतः रुजू करावी लागते. छाननी समिती पुष्कळदा जागेवर जाऊन पाहणी करते, आणि अखेरची मंजुरी प्रतिष्ठानाच्या विश्वस्त मंडळाची. मौज अशी, की ज्या निधीत देणगीदारास सल्ल्याचा अधिकार असतो, त्यात रक्कम जमा करताच तो तिजवरील मालकी कायमची गमावतो. अनुदान कोणास द्यावे याची त्याने शिफारस करावयाची, हुकूम सोडावयाचा नाही. कॅथलिक प्रतिष्ठाने चर्चच्या शिकवणुकीस विरोधी कार्यास पैसा देत नाहीत. मात्र भुकेल्यास अन्न वा बेघरास निवारा देणाऱ्या संस्थेच्या लाभार्थींचा धर्म सहसा विचारला जात नाही, आणि आमच्या मते या व्यवस्थेचे खरे भूषण तेच. अनुदानाच्या विनियोगाचा अहवाल मुदतीत न आल्यास पुढील हप्ता तहकूब होऊ शकतो.