भोपळ्याच्या नावाची, मसाल्याच्या चवीची कॉफी

अमेरिकेत ऑगस्ट सरत आला, की उन्हाळा पुरता संपण्यापूर्वीच कॉफीच्या दुकानांत एका पेयाची चौकशी सुरू होते. 'पम्पकिन स्पाइस लाटे' हे त्याचे नाव. कॉफीत भोपळा ही कल्पनाच मराठी कानाला चमत्कारिक वाटते आणि म्हणूनच परदेशी गेलेल्या अनेकांना ते एकदा तरी चाखून पाहण्याची उत्सुकता असते. मात्र या पेयाची खरी ओळख भोपळ्यात नाही, मसाल्यांत आहे.

'स्टारबक्स' कंपनीने २००३ मध्ये व्हँकुव्हर आणि वॉशिंग्टन येथील मोजक्या दुकानांत ते प्रथम विक्रीस ठेवले. पीटर ड्यूक्स यांच्या नेतृत्वाखालील चमूने भोपळ्याचा 'पाय' खात आणि सोबत एस्प्रेसो घेत ही चव बेतली होती. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेत सर्वत्र मिळू लागले. गंमत म्हणजे त्यात पहिली काही वर्षे भोपळा नव्हताच! त्यावरून टीका झाली आणि २०१५ पासून त्यात भोपळ्याचा गर घालण्यात येऊ लागला.

भोपळा नसताना भोपळ्याची चव कशी लागत होती? याचे उत्तर अमेरिकी स्वयंपाकघरात सापडते. भोपळ्याची स्वतःची चव सौम्य. त्यामुळे 'पाय' करताना त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ व लवंग घालण्याची रीत पडली. १७९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाककृतींच्या पुस्तकातही मसाला घातलेल्या भोपळ्याच्या पाककृती आहेत. 'मॅककॉर्मिक' कंपनीने १९३४ मध्ये हे मसाले एकत्र करून डबीतून विकण्यास आरंभ केला. नोव्हेंबरातील 'थँक्सगिव्हिंग' सणाच्या पंगतीत हा पदार्थ हमखास असतो. चवीचा मोठा भाग आपल्याला गंधातून कळतो आणि गंध आठवणींशी घट्ट जोडलेला असतो. साहजिकच या मसाल्यांचा वास आला, की अमेरिकी माणसाला भोपळा, सुगी आणि घर एकदमच आठवते. त्यात पेय वर्षातून काही महिनेच मिळत असल्याने ओढ आणखी वाढते.

मराठी माणसाला मात्र पहिल्या घोटातच ओळखीची खूण पटण्याचा संभव अधिक. कॉफीत जायफळ उगाळून किंवा किसून घालण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक घरांत जुनी आहे. लाल भोपळा आणि गूळ यांचे घारगेही आपल्या परिचयाचे.

चव घेताना एका गोष्टीचे भान हवे. ४७३ मिलिलीटरच्या पेल्यात, दुधातील नैसर्गिक साखर धरून, जवळपास ५० ग्रॅम साखर असते. बाहेरून घातलेली साखर आणि तत्सम गोड पदार्थ यांचे प्रमाण दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून लहान पेला मागवावा, पाक कमी घालण्यास सांगावे आणि वरची फेटलेली साय टाळावी. घरीच करायची झाल्यास दूध तापवताना शिजवलेल्या लाल भोपळ्याचा चमचाभर गर, चिमूटभर दालचिनी व सुंठ आणि किंचित जायफळ व लवंग घालून ते गाळून घ्यावे, मग त्यात कडक कॉफी मिसळावी. साखर किती, हे मग आपल्याच हाती राहते.