एका सिस्टरमागे खाटा किती?

घरातला माणूस दवाखान्यात भरती झाला की आपण बरेच काही विचारतो. डॉक्टर कोण आहेत, ऑपरेशन कधी, सोनोग्राफी इथेच होईल की बाहेर, रक्ताच्या बाटल्या किती लागतील, योजनेचे कार्ड चालेल का. रात्री वॉर्डात सिस्टर किती असतात, हे मात्र कोणी विचारत नाही. रुग्ण बरा होऊन घरी येणार की नाही, हे या न विचारलेल्या प्रश्नावरही अवलंबून असते. हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही. परिचारिकांनी स्वतः संशोधन करून ते आकड्यांत मांडले आहे. म्हणून या वेळचे आरोग्य पान परिचारिकांसाठी.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील लिंडा एकेन या मूळच्या परिचारिका. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास केला. दहा हजारांवर परिचारिकांना प्रश्न विचारले आणि शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २००२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेवर सरासरीने एक रुग्ण वाढला, की भरती झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. चार रुग्णांऐवजी आठ दिले तर ती ३१ टक्क्यांनी वाढते. सात टक्के म्हणजे शंभर रुग्णांत सात जण दगावतात, असा अर्थ कोणी काढू नये. जिथे शंभर मृत्यू झाले असते तिथे साधारण एकशे सात होतात, असे समजावे. हे वरचे सात जण ना आजाराने गेले ना ऑपरेशन चुकल्याने. त्यांच्याकडे वेळेवर बघायला माणूस नव्हता.

पुढे २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांत हाच हिशेब मांडला गेला आणि आकडा पुन्हा सात टक्केच निघाला. त्यात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या रुग्णालयात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त, तिथे मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी कमी. परिचारिका किती शिकली यावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो, हे वाचून आमच्यासारख्यांना आनंद होणारच. शिक्षणाची किंमत बाबासाहेबांच्या लेकरांना वेगळी सांगावी लागत नाही.

असे का होते, हे समजायला वॉर्डात थोडा वेळ उभे राहावे. डॉक्टर राऊंडला येतात, पाच मिनिटे थांबतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र रुग्णाजवळ सिस्टर असते. नाडी वाढली, श्वास भराभर चालू झाला, लघवीची पिशवी चार तास तशीच रिकामी आहे, काल नीट बोलणारा माणूस आज बरळतो आहे, ऑपरेशनची पट्टी रक्ताने भिजली आहे, या खुणा आधी तिला दिसतात. त्या दिसल्या तर ती डॉक्टरांना बोलावते आणि माणूस वाचतो. पण एकीकडे तीस-चाळीस खाटा, खाली जमिनीवर गाद्या टाकलेले आणखी रुग्ण, त्यात सलाईन संपल्याच्या हाका आणि रजिस्टर भरायचे काम. तिला या खुणा दिसणार कधी?

आपल्याकडे नियम नाही असे नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. पुढच्या वेळी वॉर्डात जाल तेव्हा खाटा मोजा, सिस्टर मोजा आणि भागाकार करा. रात्री मोजा, दिवसा नको.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली यासाठी कायदाच केला. तो २००४ पासून लागू झाला आणि पुढे साध्या वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचहून जास्त रुग्ण देणे बेकायदेशीर ठरले. यासाठी तिथल्या परिचारिकांच्या संघटना वर्षानुवर्षे लढल्या होत्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात २०१६ साली असाच नियम आला. तिथला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की जादा परिचारिका नेमायला जेवढा खर्च आला, त्याच्या दुपटीहून अधिक पैसे वाचले. कारण रुग्ण लवकर घरी गेले आणि पुन्हा भरती होणारे कमी झाले. आपल्याकडे भरतीची मागणी केली की तिजोरी रिकामी असल्याचे सांगतात. त्यांच्यापुढे हा हिशेब ठेवायला हरकत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे आणि बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती घेतली आहे. हा भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तथागत आनंदासह भिक्खूंची निवासस्थाने पाहत तिथे आले. तुझी शुश्रूषा कोण करते, असे त्यांनी विचारले. कोणीच नाही, असे उत्तर आले. तो इतरांच्या कामी पडत नव्हता, म्हणून इतरांनी त्याच्याकडे पाहिले नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले व मंचकावर निजवले. मग भिक्खूंना जमवून ते म्हणाले, की तुमची काळजी घ्यायला इथे ना आई आहे ना बाप, तुम्हीच एकमेकांची घेतली नाही तर कोण घेणार? माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असेही त्यांनी सांगितले.

ही हकीकत विहारात आपण अनेकदा ऐकतो. तिच्या पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. तिथे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय मानवते आणि काय नाही हे कळावे व मानवेल तेच त्याने द्यावे. लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती उचलताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून रुग्णाला धीर देता यावा. नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या मुलींनी हे पाच गुण आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहावेत. फारसे काही सुटलेले दिसणार नाही.

यातला चौथा गुण आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या देशात ज्यांनी घाण उचलली त्यांनाच घाण ठरवले गेले. दुसऱ्याच्या अंगाला, रक्ताला, विष्ठेला हात लावायचे काम हलके मानले गेले. नर्सिंगकडे कित्येक वर्षे ज्या नजरेने पाहिले गेले, तिचे एक मूळ इथे आहे. 'नर्सची नोकरी' म्हणताना नाक मुरडणारी माणसे आजही भेटतात, लग्न जुळवताना तर हमखास भेटतात. तथागतांनी तोच स्पर्श शुश्रूषकाचा गुण म्हणून सांगितला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. पोर वाचले. माईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या.

चांगली शुश्रूषा म्हणजे काय, याचा एक पुरावा मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली तिथेच अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ ला त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण, म्हणजे बेडसोर झाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालातही नोंदले गेले. ज्याच्या घरी लकव्याचा रुग्ण आहे त्याला याचे मोल कळेल. घरी दोन आठवड्यांतही माकडहाडावर जखम होते.

म्हणून ही माहिती घरोघरी हवी. अंथरुणावरच्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, टाचा, घोटे, खुबा, कोपर, डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहावी. पुस्तकात लिहिलेले असते, की कातडी लाल झाली की धोका. ती पुस्तके गोऱ्या कातडीसाठी लिहिलेली. आपल्या सावळ्या रंगावर लाली दिसत नाही. तिथे कातडी जांभळट किंवा आणखी काळपट होते, हाताला गरम, टणक किंवा पिलपिलीत लागते. अशी जागा चोळू नये, तेलानेही नाही. आतली कातडी आणखी फाटते. रबरी रिंगही ठेवू नये, तिच्या कडेने रक्त अडते. चादर कोरडी आणि सुरकुत्या नसलेली असावी. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी द्यावी.

दवाखान्यात सिस्टरला सांगतानाही नेमके सांगावे. "बरं नाही वाटत त्यांना" याने काही कळत नाही. "सकाळी आठला लघवी झाली, त्यानंतर नाही", "तासाभरापासून धाप लागतेय", असे सांगितले की तिला लगेच हलता येते. आजार वाढला, उतरला की तसाच आहे, हे शुश्रूषकाला खरेखरे सांगणे हा रुग्णाचाही गुण म्हणून त्याच महावग्गात सांगितला आहे.

सिस्टर खेकसली म्हणून वॉर्डात भांडणे होतात. आम्हीही ती पाहिली आहेत, आणि काही वेळा आपली माणसे पाहून, आपली भाषा ऐकून तिचा आवाज बदलतो, हेही पाहिले आहे. ते खपवून घेऊ नये. मेट्रनकडे किंवा अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी. पण सगळे खेकसणे जातीतून येत नाही. एकेन यांच्याच अभ्यासात दिसले, की एकेक रुग्ण वाढत गेला तशी परिचारिका आतून थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढत गेली. आणि आता ती खेकसणारी सिस्टर पुष्कळदा आपल्याच गल्लीतली असते. नाइट करून सकाळी येते, नळाला रांग लावते, डबे करते, पोरांना शाळेत पाठवते आणि पत्र्याखाली दुपारी झोपायचा प्रयत्न करते.

ज्या घरांत मुलीला नर्सिंगला घालायचे ठरते आहे त्यांनी एवढे पाहावे. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. नाक्यावर 'सहा महिन्यांत नर्स व्हा' असे फलक लागतात. तसल्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय कोणी परिचारिका होत नाही. फी भरण्याआधी संस्थेकडे परिषदेच्या मान्यतेचे पत्र मागावे. जात प्रमाणपत्र व वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे, शिष्यवृत्तीला ते लागते.

खासगी नर्सिंग होममध्ये लागलेल्या मुलींसाठी एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील पगाराची शिफारस केली होती. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतकाच पगार द्यावा, असे तीत म्हटले आहे. वस्तीतल्या किती मुलींना हे ठाऊक आहे? पगार हातात रोख मिळत असेल तर पावती मागा, नेमणुकीचे पत्र मागा आणि त्याची एक प्रत घरी ठेवा.