लेखांक 4 : छापील वचन आणि मीटरचे पाणी

निवडणुकीतील एखादे वचन तपासण्याजोगे केव्हा ठरते, हे मागील लेखांकात पाहिले: परस्परविरोधी मतांच्या दोन माणसांनाही ते घडले की नाही यावर एकमत करता येईल, इतक्या नेमकेपणाने त्यात कृती किंवा परिणाम सांगितलेला असला पाहिजे. ही कसोटी दिल्लीला लावू लागले की तिच्या मर्यादा लगेच दिसतात, कारण तेथे वचनाची शब्दरचना, मोजण्याचे एकक आणि वचन देणाऱ्याचे अधिकार ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

फेब्रुवारी 2015 मध्ये विधानसभेच्या 70 पैकी 67 जागा जिंकणाऱ्या आम आदमी पक्षाच्या जाहीरनाम्यात 70 कलमे होती, आणि त्यांपैकी पाण्याचे कलम अभ्यासकाला सर्वांत अधिक शिकवून जाते. दर कुटुंबाला दरमहा 20 हजार लिटरपर्यंत पाणी मोफत, हे त्याचे सर्वतोमुखी झालेले रूप. छापील मजकुरात मात्र ते दिल्ली जल बोर्डाच्या मीटर असलेल्या नळजोडणीतून मिळेल, असे म्हटले होते. त्याच वर्षी मार्चपासून योजना सुरू झाली आणि 20 हजार लिटरची मर्यादा ओलांडणाऱ्याला संपूर्ण वापराचे बिल येऊ लागले. छापील अक्षरांनुसार पाहिले तर वचन पाळले गेले, आणि तेही सत्तेवर आल्यानंतर काही आठवड्यांतच, ही नोंद करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. पण जेथे जलवाहिनीच पोहोचलेली नव्हती अशा अनधिकृत वसाहतींत टँकरपुढे हंडे मांडणाऱ्या कुटुंबांजवळ मीटर नव्हता, म्हणून माफीही नव्हती. ज्यांची गरज सर्वांत तीव्र, तेच या वचनाच्या कक्षेबाहेर राहिले. अशा वचनावर ‘अंशतः पूर्ण’ असा शिक्का मारणे चुकीचे आहे, कारण त्या एका शब्दाने नेमके कोण वगळले गेले हेच झाकले जाते.

शाळांबाबत अडचण वेगळी होती. वचन 500 नव्या शाळांचे होते, परंतु पुढे सरकारने आकडे मांडले ते मुख्यतः नव्या वर्गखोल्यांचे. त्या खोल्या मुलांच्या उपयोगी पडल्या हे खरेच, तरी हिशोबाचे एकक मध्येच बदलले गेल्यास मूळ वचनाची पूर्तता झाली असे म्हणता येत नाही.

अधिकारांचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. 1991 च्या 69 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद 239 एए नुसार पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय दिल्ली विधानसभेच्या कक्षेबाहेर आहेत. याच जाहीरनाम्यातील जनलोकपाल विधेयक विधानसभेने डिसेंबर 2015 मध्ये संमत केले, पण केंद्राच्या संमतीअभावी ते कायदा होऊ शकले नाही. येथे प्रयत्न झाला ही एक नोंद आणि फळ मिळाले नाही ही दुसरी. मात्र घटनेतील ही चौकट जाहीरनामा लिहितानाही ठाऊक होती, त्यामुळे अधिकार नसल्याची सबब पूर्ण माफीस पात्र ठरत नाही. यमुनेच्या बाबतीत आम आदमी पक्षाचे नेते अरविंद केजरीवाल यांनी जानेवारी 2025 मध्ये नदीची स्वच्छता, चोवीस तास पाणी आणि उत्तम रस्ते ही तीन वचने पाळता आली नाहीत, अशी कबुली दिली. भारतीय राजकारणात असा लेखाजोखा सत्ताधाऱ्याच्या तोंडून क्वचितच ऐकू येतो.

कायदा या बाबतीत मतदाराला फारसा आधार देत नाही. एस. सुब्रमण्यम बालाजी खटल्यात 5 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यातील आश्वासने हा निवडणुकीतील भ्रष्ट आचार ठरत नाही, असे म्हटले आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगितले. संसदेत मंत्र्याने सभागृहात दिलेल्या आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते आणि तिच्यावर आश्वासन समिती लक्ष ठेवते. मतदारांपुढे दिलेल्या शब्दासाठी अशी कोणतीही समिती नाही, आणि ही उणीव गंभीर आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये 48 जागांसह सत्तेवर आलेल्या भारतीय जनता पक्षाने गरीब महिलांना दरमहा 2,500 रुपये देण्याचे वचन दिले होते. 8 मार्च 2025 रोजी दिल्ली मंत्रिमंडळाने योजनेला मंजुरी देऊन 5,100 कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. या वचनाचा माग घेताना मंजुरीची तारीख, पात्रतेचे निकष, त्या तरतुदीतून प्रत्यक्ष झालेला खर्च आणि बँक खात्यात हप्ता जमा झालेल्या महिलांची संख्या हे चार रकाने वेगवेगळे ठेवावे लागतात, आणि पाण्याच्या उदाहरणावरून पाहता निकषांचा रकाना आधी भरणे भाग आहे.